फिटनेस दिलं, तरी हजर करून घेत नाहीत

प्रश्न : माझे पती नगरपरिषदेत 18 वर्षांपासून कायम व्हॉल्व्हमन आहेत. सुट्टीच्या दिवशी गाडीवरून पडले, मणक्याचं ऑपरेशन झालं. 124 दिवसांनी खासगी डॉक्टरांनी फिट लिहून दिलं, पण 'जड वजन उचलू नये' असा शेरा मारला. ऑफिसात म्हणतात, सिव्हिलचं सर्टिफिकेट आणा, तोवर हजर करून घेणार नाही. मागचे दिवसही बिनपगारी धरणार म्हणे. काय करावं?

उत्तर : ताई, सिव्हिलला जायचं म्हणून घाबरू नका. खासगी दाखल्यावर दुसरं मत घ्यायचा अधिकार कार्यालयाला आहे. पण जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाचं पत्र त्यांनीच द्यायचं असतं. नुसतं 'आणा' म्हणून माणसाला पिटाळायचं नसतं. उद्याच मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या : 'फिटनेससह आज हजर झालो आहे, रुजू करून घ्यावे, तपासणी हवी असल्यास पत्र द्यावे.' आपल्या प्रतीवर आवकचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. शिक्का दिला नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट करा.

मी 29 वर्षं आस्थापनेच्या टेबलावर काढली. एक सफाई कामगार पिशवीभर एक्स-रे आणि औषधांची बिलं घेऊन आला होता. आवकचा शिक्का असलेला कागद मात्र त्यात एकही नव्हता. तीन आठवडे तो रोज मुकादमापुढे उभा राहून परत जात होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरी फायलीवर गैरहजेरीच लागली. ती टिपणी माझ्या हातची. अजून टोचते.

आता पगाराचं. राज्य सरकारच्या 1981 च्या रजा नियमांप्रमाणे वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. 18 वर्षांची 360. आधी घेतली नसेल तर वैद्यकीय दाखल्यावर तिची परिवर्तित रजा करून मागा. पूर्ण पगार मिळतो, दुप्पट दिवस खात्यातून जातात. 124 दिवसांना 248 गेले, तरी 112 उरतात. अर्जित रजेला हात लावू नका. निवृत्तीच्या वेळी 300 दिवसांपर्यंत तिचे पैसे मिळतात. बिनपगारी म्हणजे असाधारण रजा. ती दुसरी कुठलीच रजा शिल्लक नसेल, किंवा कर्मचाऱ्यानं स्वतः लेखी मागितली असेल, तेव्हाच. म्हणून 'सही करा, लवकर मिटेल' असं म्हणून तसला अर्ज कुणी पुढे केला, तर मुळीच सही करू नका.

वजनाचा शेरा तात्पुरता असेल तर किती महिन्यांसाठी, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि हलकं काम मागा. कायमचं अपंगत्व ठरलं, तरी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 पाठीशी आहे, नगरपरिषदेलाही ते लागू आहे. नोकरीवरून काढता येत नाही, पद खाली आणता येत नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं.

सिव्हिलला जाताना डिस्चार्ज कार्ड, एमआरआय आणि कार्यालयाचं पत्र, तिन्हींच्या झेरॉक्स घरी ठेवूनच निघा.