मलेरियाच्या औषधासोबत टॉनिक चालेल का?

प्रश्न: आम्ही गडचिरोलीकडचे. भावाला फाल्सिपेरम मलेरिया निघालाय, सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्यात. अंगात जोर यावा म्हणून मेडिकलवाल्याने फॉलिक अ‍ॅसिड ५ एमजीची स्ट्रिप दिली. देऊ का?

उत्तर: ताई, सध्या ती स्ट्रिप बाजूला ठेवा. भावाच्या गोळ्यांचं पाकीट बघा, त्यावर आर्टेसुनेटसोबत सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामाइन लिहिलेलं असेल, तर हे दुसरं औषध मलेरियाच्या जंतूला फॉलेट (म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडच्याच जातीचं जीवनसत्त्व) बनवू देत नाही आणि फॉलेटशिवाय त्याची वाढ होत नाही, मग आपणच वरून ५ एमजी दिलं तर औषधाचा जोर कमी होतो ना! गरोदर बाईंनी मात्र मनानेच फॉलिक बंद करू नका हं, बाळासाठी ते लागतंच, फक्त डोस डॉक्टरांना विचारा, हे औषध चालू असताना जागतिक आरोग्य संघटना रोज ०.४ एमजीच सांगते.

लहान मुलांच्या लोहाच्या सिरपचंही तसंच. टांझानियातल्या पेंबा या मलेरियाच्या बेटावर लोह आणि फॉलिक मिळालेल्या मुलांना दवाखान्यात भरती करायची वेळ जास्त आली, २००६ मध्ये ते छापून आलं. म्हणून मलेरियाच्या भागात लोह द्यायचं ते मच्छरदाणी, तपासणी, उपचार यांची सोय असेल तरच, आणि ताप असताना आशाताईंना विचारल्याशिवाय तर नाहीच. आणि हो, ताप उतरला तरी भावाचा कोर्स अर्धा सोडू देऊ नका, परत थंडी वाजली तर लगेच रक्त तपासा.