संगणक-शंका : अडवतो ब्राउझर, परवानगी देतो सर्व्हर

प्रश्न : आमच्या नाट्यमंडळाच्या जुन्या प्रयोगांची छायाचित्रे सभासदांना घरबसल्या संकेतस्थळावर चढवता यावीत, म्हणून मी ॲमेझॉनच्या एस-थ्री या फाइली साठवण्याच्या सेवेवर बकेट (साठवणीची जागा) घेतले आहे. आमचा सर्व्हर प्रत्येक छायाचित्रासाठी ठरावीक मुदतीची, स्वाक्षरी केलेली लिंक तयार करून देतो. तीच लिंक टर्मिनलमध्ये ‘कर्ल’ या आज्ञा लिहून चालवायच्या प्रोग्रॅमने वापरली की फाइल व्यवस्थित चढते, पानावरील जावास्क्रिप्टने पाठवली की मात्र ‘कॉर्स’ धोरणामुळे विनंती अडवल्याचा लाल संदेश कन्सोलमध्ये येतो. दोष लिंकमध्ये आहे की माझ्या कोडमध्ये? एका मित्राने ‘नो-कॉर्स’ हा पर्याय सुचवला आहे, तो वापरावा का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बहुधा दोन्हींत दोष नाही. नव्या बकेटला कॉर्सचे (दुसऱ्या संकेतस्थळावरील पानाला विनंती करू देणारे) नियम आपोआप मिळत नाहीत, आणि ते आपण अद्याप दिलेले नसावेत.

प्रोटोकॉल, होस्टचे नाव आणि पोर्ट या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच ब्राउझर दोन पत्ते एकाच ‘ओरिजिन’चे मानतो. एका ओरिजिनवरील स्क्रिप्टला दुसऱ्या ओरिजिनकडून आलेले उत्तर वाचू द्यायचे नाही, हा दंडक नेटस्केप नॅव्हिगेटरच्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे जवळजवळ जावास्क्रिप्टच्या जन्मापासून, चालत आला आहे. तो नसता, तर बँकेच्या संकेतस्थळावर आपण लॉगिन केलेले असताना शेजारच्या टॅबमधील कोणत्याही पानाला आपल्या खात्याचा तपशील वाचता आला असता. कर्ल हा ब्राउझर नसल्यामुळे त्याला हा दंडक लागू होत नाही. कर्लने फाइल चढली याचा अर्थ लिंक व स्वाक्षरी बरोबर आहे इतकाच.

या दंडकातून सवलत देण्याची रीत म्हणजे कॉर्स. ती डब्ल्यू-थ्री-सी या वेबचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेची अधिकृत शिफारस जानेवारी २०१४ मध्ये झाली, पण एस-थ्रीने ती ऑगस्ट २०१२ पासूनच उपलब्ध करून दिली होती. फाइल चढवताना आपण ‘पुट’ (फाइल ठेवण्याची) पद्धत वापरता, त्यामुळे ब्राउझर आधी ‘ऑप्शन्स’ पद्धतीची एक छोटी पूर्वविनंती पाठवतो. फेरीबोटीतील खलाशाने हात केल्याशिवाय धक्क्यावरची गाडी पुढे घ्यायची नसते, तसाच हा प्रकार. अमुक ओरिजिनला, अमुक पद्धतीने, अमुक हेडरांसह (विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळींसह) विनंती करण्यास मुभा आहे, असे उत्तर आले नाही तर खरी विनंती निघतच नाही. आपली छायाचित्रे एस-थ्रीपर्यंत पोहोचतच नव्हती, ती यामुळे.

बकेटच्या ‘परमिशन्स’ विभागात कॉर्सचे नियम जेसन या मजकुरी स्वरूपात लिहावे लागतात. ‘अलाउड-ओरिजिन्स’मध्ये संकेतस्थळाचा पत्ता एचटीटीपीएससह, शेवटची तिरकी रेघ न देता लिहावा. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेला आणि नसलेला पत्ता हे दोन वेगळे ओरिजिन आहेत, आणि घरच्या संगणकावर चाचणी घेत असाल तर लोकलहोस्ट (त्याच संगणकाचा पत्ता) हाही त्याच्या पोर्टसह स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो. बहुतेकांचा वेळ इथेच जातो. ‘अलाउड-मेथड्स’मध्ये पुट आणि गेट (वाचण्याची पद्धत) पुरेत. ऑप्शन्स तेथे लिहू नये, एस-थ्री ते स्वीकारत नाही. ‘अलाउड-हेडर्स’मध्ये ‘कंटेंट-टाइप’ (फाइलचा प्रकार सांगणारा हेडर) हवाच.

मित्राचा सल्ला मानू नये. ‘नो-कॉर्स’मध्ये पुट पद्धत चालतच नाही, आणि गेट चालले तरी हाती येणाऱ्या उत्तराचा मजकूर स्क्रिप्टला वाचता येत नाही. कॉर्सची तपासणी बंद करणारी ब्राउझरची एक्स्टेन्शने फक्त ज्या संगणकावर बसवली त्यावरच काम करतात. साखळी किंवा काणकोण इथल्या सभासदाला त्यांचा काय उपयोग?

प्रश्न : ‘अलाउड-ओरिजिन्स’मध्ये तारांकन (*, म्हणजे ‘कोणतेही’) लिहिले तर कोणीही आमच्या बकेटमध्ये फाइली टाकील का? आणि मधला सर्व्हर टाळून ॲमेझॉन खात्याची गुप्त किल्ली थेट जावास्क्रिप्टमध्ये ठेवली तर काम सोपे होणार नाही का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : पहिली भीती अनाठायी आहे. तारांकनामुळे कोणत्याही पानावरील स्क्रिप्टला विनंती करून पाहता येते, परंतु वैध स्वाक्षरी नसेल आणि बकेटच्या धोरणात मुभा नसेल, तर एस-थ्री ती नाकारते. मुळात कॉर्स हे प्रवेशनियंत्रण नव्हे, कारण ब्राउझरबाहेरचा प्रोग्रॅम त्याची पर्वाच करत नाही. सर्वांसाठी खुल्या असलेल्या छायाचित्रांच्या वाचनाला तारांकन चालेल, फाइल चढवण्यासाठी मात्र आपलाच पत्ता लिहावा. कुकी सोबत जाणाऱ्या विनंत्यांना तारांकन ब्राउझर मान्य करत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

गुप्त किल्ली जावास्क्रिप्टमध्ये कदापि ठेवू नये. पानाचा स्रोत उघडणाऱ्या प्रत्येकाला ती दिसते, आणि तिच्या आधारे कोणी काहीही केले तरी बिल आपल्या नावे येते. स्वाक्षरी केलेली लिंक जास्तीत जास्त सात दिवसांची करता येते, पण फाइल चढवण्यासाठी काही मिनिटे पुरतात. किल्ली एकदा संकेतस्थळावर चढलेली असेल, तर नुसती पानावरून काढून भागणार नाही, कारण जुन्या प्रती कॅशमध्ये व गिट या कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाच्या इतिहासात शिल्लक राहतात. ती आजच निष्क्रिय करावी आणि नवी किल्ली फक्त सर्व्हरवर ठेवावी.