खाऱ्या टँकमधला तपकिरी थर

प्रश्न : दादरच्या घरी खाऱ्या पाण्याचा माशांचा टँक लावून तीन आठवडे झाले. वाळूवर, काचेवर तपकिरी थर धरतो. पुसला की दोन दिवसांत परत. औषध घालू का?

उत्तर : औषध नको. बोटाने सहज पुसला जाणारा हा थर डायटमचा, म्हणजे सूक्ष्म शेवाळाचा. त्याला लागतं सिलिकेट (पाण्यात विरघळलेली सिलिका), ते नळाच्या पाण्यातून आणि नव्या वाळूतून येतं. ते काढायला पिण्याचं आरओ पुरत नाही, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे) हवं. खोच अशी, की रेझिन संपत आलं की सिलिका आधी निसटते आणि टीडीएस मीटर (पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा) तरी 0 दाखवतो. तेव्हा आकडा हलायची वाट न पाहता रेझिन बदला. आठवड्याला 10 टक्के पाणी बदलताना थर सायफनने ओढा. थर खाणाऱ्या गोगलगायी सोडायच्या त्या पाण्यातलं अमोनिया, नायट्राइट शून्य झाल्यावरच. थर शेंबडासारखा, बुडबुडे धरलेला असेल तर मात्र तो बहुधा डायनो (डायनोफ्लॅजेलेट, हा वेगळाच सूक्ष्मजीव). त्याचं गणित वेगळं.