दर्भ आणि दूर्वा एकच का? पूजेला बसताना दर्भाची अंगठी कशासाठी घालतात? दर्भ नसेल तर दूर्वा चालते का?

दर्भ आणि दूर्वा ही दोन वेगळी गवतं आहेत. दूर्वा म्हणजे हरळी, मऊ आणि जमिनीलगत पसरणारी. गणपतीला २१ची जुडी वाहतो ती हीच. दर्भ किंवा कुश झुबक्यानं उभा वाढतो. त्याची पाती लांब आणि ताठ असतात, आणि उलट्या बाजूनं बोट फिरवलं तर कापतं.

पण मला खरा फरक वाटतो तो वेगळाच. दूर्वा गणपतीची, बेल शंकराचा, तुळस विष्णूची. ही सगळी देवाला वाहायची. दर्भ कुठल्या देवाच्या डोक्यावर चढत नाही, तो पूजा करणाऱ्यासाठी असतो. तुम्ही विचारलेली अंगठी म्हणजे पवित्रक. दर्भाला पीळ देऊन, गाठ मारून ते उजव्या हाताच्या अनामिकेत घालायचं आणि मग संकल्प सोडायचा. ज्या हातानं पाणी सोडायचं, आहुती द्यायची, तो हात आधी त्या कामाचा झाला पाहिजे, असा त्यामागचा भाव आहे. कर्म संपलं की पवित्रकाची गाठ सोडून ते टाकून देतात.

हातासारखीच जागाही दर्भानं तयार होते. होमात अग्नीच्या चारी बाजूंना दर्भ अंथरतात, त्याला परिस्तरण म्हणतात. पुण्याहवाचनाचं पाणी दर्भानं शिंपडता येतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाचं आसन सांगितलंय, त्यातही कुश आहे, त्यावर मृगाजिन म्हणजे हरणाचं कातडं आणि वस्त्र. ग्रहणात पाण्यावर आणि लोणच्याच्या बरणीवर दर्भ ठेवायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे.

दर्भाला हा मान का, याची कथा महाभारताच्या आदिपर्वात येते. आईला नागांच्या दास्यातून सोडवायला गरुडानं अमृत आणलं, ते कुशावर ठेवलं आणि नागांना आधी स्नान करून या म्हणाला. ते गेले तेवढ्यात इंद्रानं कुंभ उचलून नेला. परत आलेल्या नागांनी अमृत सांडलं असेल म्हणून ते गवतच चाटलं. त्यांच्या जिभा दुभंगल्या आणि अमृताच्या स्पर्शानं कुश पवित्र ठरला. लहानपणापासून मला ही कथा आवडते, कारण त्या धारदार पात्यांचा अनुभव तिच्यात जसाच्या तसा आहे.

दर्भ मला सर्वांत जवळचा वाटतो तो श्राद्धात. देवकार्यात दर्भाची टोकं पूर्वेला, पितृकार्यात दक्षिणेला. पिंड ठेवायचे ते दर्भावरच. तीळ आणि दर्भ हातात घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून पाणी सोडायचं, तेच तर्पण. ब्राह्मण मिळाले नाहीत तर त्यांच्या जागी दर्भाचे बटू, म्हणजे दर्भाच्या छोट्या प्रतिमा मांडतात, तेच चट. आपल्या गेलेल्या माणसांना बसायला जागा हे गवत देतं. हे समजलं तेव्हापासून श्राद्धाला बसताना मला घाई करवत नाही.

आता दूर्वा चालते का? चालते. धर्मशास्त्रात एक प्रसिद्ध श्लोक आहे, त्यात दहा प्रकारच्या तृणांना दर्भ म्हटलंय. त्यात कुश आणि काश पहिले, पण दूर्वा, वाळा, मुंज, गहू, भातसुद्धा आहेत. म्हणजे घरच्या पूजेत दर्भ मिळाला नाही म्हणून पूजा अडत नाही, दूर्वांचं पवित्रक करा. श्राद्धाला मात्र शक्य तितका खरा दर्भच मिळवा आणि आपल्या गुरुजींना विचारून ठरवा, कारण वेदशाखेनुसार आणि घराण्यानुसार पद्धत बदलते.

दर्भ स्वतः आणणार असाल तर पिठोरी अमावास्येला, म्हणजे श्रावणातल्या अमावास्येला आणा. पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे तोंड करून, ‘विरञ्चिना सहोत्पन्न’ हा मंत्र म्हणून तो उपटतात. त्या दिवशीचा दर्भ वर्षभर शिळा होत नाही. सावलीत वाळवून, कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. पिंडांखाली घातलेला किंवा तर्पणाला वापरलेला दर्भ मात्र पुन्हा घेऊ नका, तो पिंडांबरोबरच विसर्जित करा.