अ‍ॅप पाणी औंसात आणि कपात विचारतं, घरात फुलपात्र आणि तांब्या. रोजचा हिशोब कसा ठेवायचा?

आधी अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन औंसाचं मिली करून टाका, बहुतेक ठिकाणी ती सोय असते. नसेल तर अमेरिकन औंस म्हणजे २९.५७ मिली, ३० धरला तरी चालतं. अ‍ॅपने तुम्हाला दिवसाला ६४ औंस दिले असतील तर ते सुमारे १.९ लिटर. कपाचं म्हणाल तर अमेरिकन कप २३७ मिलीचा, आणि आपल्याकडच्या मापाच्या कपांवर कुठे २४० लिहिलेलं असतं, कुठे २५०. आठ कपांत फरक पडून पडून शंभर मिलीचा. त्यावर डोकं शिणवू नका.

खरा घोळ फुलपात्रात आहे.

बाबांना हार्टच्या डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरचं बंधन घातलं, तेही चहा, ताक, आमटी सगळं धरून. (हा आकडा त्यांचा, तुमचा नव्हे.) आई म्हणाली, "पाणी सहा फुलपात्रं द्यायचं, बाकी चहा-आमटीला." आता आमच्या परळच्या घरातली फुलपात्रं सगळी लग्नामुंजीत आलेली, प्रत्येकावर कुणाचं ना कुणाचं नाव कोरलेलं. मला शंका आली म्हणून एका रविवारी सगळी ओट्यावर मांडली आणि एकेक काट्यावर ठेवलं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा. रिकामं भांडं ठेवून शून्य करायचं, मग पाणी ओतायचं, जितके ग्रॅम तितके मिली. आत्याच्या नावाचं निघालं १७० चं, मामाच्या आहेराचं २२५ चं. म्हणजे आत्याच्या सहा फुलपात्रांत एक लिटर आणि वर थोडं, मामाच्या सहांत साडेतेराशे! मग आमटी कुठे बसवायची? तेव्हापासून बाबांचं पाणी फक्त आत्याच्या फुलपात्रातून. मामाला हे अजून सांगितलेलं नाही.

मोजताना काठोकाठ भरू नका, रोज पिताना जेवढं भरता तेवढंच भरा. मामाच्याच फुलपात्रात काठापर्यंत २६० जातं, पण तसं भरून कोणी पीत नाही, सांडतं.

काटा नसेल तर दुधाची अर्धा लिटरची पिशवी आहेच. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या जगमध्ये दूध ओता, बाहेरून नेलपॉलिशने रेघ मारा, ती ५०० ची खूण झाली. मग जग धुऊन रेघेपर्यंत पाणी भरायचं आणि त्यातून किती फुलपात्रं भरतात ते बघायचं. वाटी लहान असली तर खोकल्याच्या औषधाचं खुणांचं झाकण कामाला येतं. फक्त हे ग्रॅम-मिलीचं गणित पाण्याला, आणि ढोबळमानाने चहा-ताकाला लावा. तेल, रवा, पीठ यांना नाही. आणि खाण्याच्या पाकिटावर वजनाचा औंस दिसला तर तो वेगळा, २८.३५ ग्रॅमचा.

तांब्याने वरून पिणाऱ्यांचा हिशोब कधीच लागत नाही. बाबा त्यातलेच. म्हणून सकाळी नळ आला की त्यांचं दिवसाचं पाणी एका बाटलीत भरून बाजूला ठेवतो, फुलपात्र त्यातूनच भरायचं. रात्री किती उरलं ते बघायचं, घोट मोजत बसायचं नाही. तुम्हीही ऑफिसच्या बाटलीचं असंच करा. मी लोकलच्या प्रवासात, स्टेशनवरचं टॉयलेट टाळायचं म्हणून, पाणी कमी पिते. ते आपल्याला वाटतं त्याहून किती कमी, हे संध्याकाळी अर्धी भरलेली बाटली पर्समधून काढताना कळतं.

तुमचं अ‍ॅप ६४ औंस निव्वळ पाण्याचे मागत असेल तर एक सांगते. १९४५ साली अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने मोठ्या माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी सुचवलं होतं, पण त्यातलं बरंचसं तयार अन्नातच असतं हेही तिथेच लिहिलं होतं. वरणभात खाणाऱ्याने हे विसरू नये.

चहाही धरा. आमच्या ऑफिसखालचा कटिंग किती भरतो हे कोणालाच सांगता येईना, म्हणून एकदा दोन कटिंग पिशवीत पार्सल घेतले आणि घरी येऊन पातेल्यात ओतून काट्यावर ठेवले. १६० ग्रॅम. म्हणजे एक कटिंग ८० मिली, आणि मी दिवसाला चार पिते.