ताणाचं सर्वेक्षण पहिल्यांदाच करताय? मग एवढं सांभाळा

एचआरमध्ये नव्या आहात आणि पुणे, जर्मनी, जपान अशा तिन्ही टीमचं काम अंगावर आलंय, म्हणजे धास्ती वाटणारच. पण जमेल. सुरुवातीला एवढंच बघा:

१. 'ताण आहे का?' असं थेट विचारू नका. आपल्याकडे साहेबांसमोर 'हो सर, होऊन जाईल' म्हणणारा माणूस कागदावरही 'नाही'च लिहितो. त्यापेक्षा विचारा: गेल्या महिन्यात रात्री नऊनंतर कितीदा कॉल घेतला? घरच्या आजारपणासाठी रजा मागताना अडखळलात का? झोप लागते का? उत्तरं मॅनेजरच्या हाती जाणार नाहीत, हे आधी स्पष्ट सांगा आणि तसंच वागा. जपानमध्ये ५० किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी २०१५ पासून ताणतपासणी सक्तीची आहे. तिथेही व्यक्तीचा निकाल तिच्या संमतीशिवाय मालकाला मिळत नाही.

२. डच अभ्यासक हॉफस्टेड यांनी देशोदेशीच्या संस्कृतींची तुलना करायला दिलेले आकडे वापरा, पण जपून. मुळात ते १९६७ ते १९७३ दरम्यान आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून आलेल्या उत्तरांवर उभे आहेत, आणि ती देशाची सरासरी आहे. समोरच्या एका माणसाला ती चिकटवणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

३. सगळं संस्कृतीच्या माथी मारू नका. जर्मनीत दोन कामाच्या दिवसांमध्ये साधारणपणे ११ तास विश्रांती कायद्यानेच मिळते. तिथला निवांतपणा निव्वळ स्वभावाचा नाही. आणि चौघांचं काम दोघं करत असतील, तर कुठल्याही देशात ताण येणारच (हे वरिष्ठांना ऐकायला आवडत नाही).

देशादेशांची तुलना आत्ता राहू द्या. आधी पुण्यातल्या एकाच टीमचं सर्वेक्षण करा, प्रश्नावली तयार झाली की दाखवा.