जुनी पेट्रोल अ‍ॅम्बेसेडर चढावर कडकड वाजते. टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) की बेअरिंग?

रेस दिल्यावर वाजतं आणि पाय उचलताच थांबतं, तर बहुतेक टायमिंग पुढे गेलंय, म्हणजे स्पार्क लवकर पडतोय. बेअरिंगचा ठोका जड असतो, ऑइल प्रेशरही पडतं.

आधी पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या, स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्काचा) गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.३५ ते ०.४० मिमी करा. गॅप वाढला की स्पार्क लवकर पडतो, म्हणून टायमिंग त्यानंतरच लावायचं. मग डिस्ट्रिब्युटरचा (प्लगांना स्पार्क वाटणाऱ्या भागाचा) क्लॅम्प सैल करून, आतला रोटर फिरतो त्याच दिशेला डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवा. तरी वाजलं तर आतल्या वजनांच्या स्प्रिंगा बघा. ढिल्या पडल्या की अ‍ॅडव्हान्स (स्पार्क लवकर पडणं) जास्त चढतो.

चावी काढूनही इंजिन धकधकतं? हेडमधला (सिलिंडरवरच्या झाकणातला) कार्बन काढा.

ट्रायल भर दुपारीच घ्या. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या उन्हात वाजणारी गाडी सकाळच्या गारव्यात वाजत नाही, फसवते. वाजत असताना ओढू नका, पिस्टन जातो.